थंडीच्या कसोटीवर गावची ऊर्जा

अवर्षणप्रवण जिल्हा ही नगरची ओळख इतकी पक्की झाली आहे की, येथील थंडीची दखल सहसा घेतली जात नाही. वस्तुतः डिसेंबर-जानेवारीत नगरचा किमान पारा एक आकडी होणे ही नवलाची गोष्ट नाही. राज्यातील नीचांकी तापमानाच्या नोंदींत नाशिक, निफाड, महाबळेश्वर यांच्या जोडीने नगरचे नाव वारंवार येते. पारनेर तालुक्यातील कान्हूर पठार आणि अकोले तालुक्यात कळसूबाई-रतनगडाच्या परिसरातील वाड्या येथे तर पहाटेचा गारठा अधिकच बोचरा असतो.

२०२४ मध्ये अहिल्यानगर असे अधिकृत नामांतर झालेल्या या जिल्ह्याने अपारंपरिक ऊर्जेच्या वापरात राज्याला काही पायंडे घालून दिले आहेत. राळेगणसिद्धीचे सौर पथदिवे, हिवरे बाजारच्या गोठ्यांमागील गोबरगॅस, शिर्डीचे सौर वाफेवर चालणारे स्वयंपाकघर, सुपे आणि खांडके परिसरातील पवनचक्क्या ही त्यांतली परिचित उदाहरणे. मात्र यांतील कोणते साधन थंडीच्या महिन्यांत गावाला साथ देते आणि कोणते हात आखडते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. योजनांचे आकडे वर्षाच्या सरासरीवर मांडलेले असतात. चूल मात्र सरासरीवर पेटत नाही.

हिवाळ्यात लागते काय?

लडाखमध्ये किंवा उत्तर युरोपात थंडीतील ऊर्जेचा सर्वांत मोठा वाटा घर उबदार ठेवण्यावर खर्च होतो. नगर जिल्ह्यात घर तापवण्याची पद्धत नाही. गोधडी आणि शेकोटीवर भागते. येथे पहिला मोठा खर्च आंघोळीच्या पाण्याचा आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला रोज शंभर लिटर ऊन पाणी लागते असे धरले आणि टाकीतील पाणी १८ अंशांवरून ४३ अंशांवर नेले, तर त्यासाठी सुमारे तीन युनिट विजेइतकी उष्णता लागते. तांब्याच्या बंबात किंवा चुलीवर जळणातील उष्णतेचा फार तर चौथा हिस्सा पाण्यात उतरतो. म्हणजे रोज जवळजवळ तीन किलो लाकूड केवळ आंघोळीसाठी. तीन महिन्यांचा हिशेब अडीच क्विंटलांच्या पुढे जातो. तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या आणि गोवऱ्या यांची ही रास घरातील स्त्रियाच गोळा करतात, आणि पहाटेच्या गारठ्यात धूर खात बंब पेटवण्याचे कामही बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. घरोघरी सिलिंडर पोहोचल्यानंतरही बंबाचे जळण फारसे कमी झालेले नाही, कारण विकतचा गॅस आंघोळीच्या पाण्यावर खर्च करणे बहुतेक घरांना परवडत नाही.

दुसरा खर्च स्वयंपाकाचा. तो बारमाही असला तरी हिवाळ्यात वाढतो. आणि तिसरा खर्च शेतीच्या पाण्याचा. रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा आणि कांदा यांना पाणी द्यावे लागते ते नेमके याच महिन्यांत. शेतीपंपांना वीज वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, अशी मिळत आली. रात्रपाळीच्या दिवसांत कडाक्याच्या थंडीत दारे धरायला जावे लागते. पाय गार पाण्यात, हातात विजेरी. अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या उसाच्या पट्ट्यात त्यात बिबट्याची भीती भर घालते. नगर जिल्ह्यात ऊर्जेचा प्रश्न विचारताना तो किती युनिटांचा आहे याइतकेच तो कोणत्या वेळेचा आहे, हे पाहावे लागते.

गोबरगॅस : थंडीत मंदावणारा मित्र

जैववायूच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान जुने आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू निर्माण करून दिवाबत्तीसाठी वापरल्याचा उल्लेख या विषयावरील बहुतेक ग्रंथांत आढळतो. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र विकसित केले आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकात त्याचा देशभर प्रसार केला. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धन यांनी शौचालय आणि गोबरगॅस यांची सांगड घालण्याचा आग्रह धरला, तर देहूच्या डॉ. सु. वि. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ संयंत्रासाठी हयात वेचली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय जैववायू विकास प्रकल्प सुरू झाल्यावर अनुदान आले. त्यापूर्वी १९७८ च्या सुमारास ‘जनता’ आणि त्यानंतर १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ ही विटांच्या स्थिर घुमटाची स्वस्त प्रतिमाने पुढे आली.

संयंत्राचे तत्त्व सोपे आहे. शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून हवाबंद टाकीत सोडले की, त्यातील जंतू ते कुजवतात आणि मिथेनयुक्त वायू तयार होतो. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर वायू मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. स्वयंपाकासाठी माणशी रोज पाव घनमीटर किंवा थोडा अधिक वायू लागतो, तेव्हा एवढे संयंत्र सहा-सात माणसांच्या घराला पुरते.

पण हा सगळा हिशेब उन्हाळ्याचा आहे. हे जंतू ३५ अंशांच्या आसपास सर्वाधिक जोमाने काम करतात. तापमान दहा अंशांनी उतरले की, त्यांचा वेग साधारणपणे निम्मा होतो, १५ अंशांच्या खाली तो अगदी क्षीण होतो आणि दहा अंशांखाली वायूनिर्मिती जवळजवळ थांबते. म्हणूनच शेण टाकीत किती दिवस राहावे याचे मान प्रदेशानुसार ठरवले गेले आहे : उष्ण प्रदेशासाठी ३० दिवस, मध्यम हवामानासाठी ४० आणि थंड डोंगराळ भागासाठी ५५ दिवस. टाकीचा आकार त्यावरून ठरतो. तीस दिवसांच्या हिशेबाने बांधलेली टाकी मे महिन्यात उत्तम चालते; जानेवारीत त्याच टाकीतून अर्धवट कुजलेले शेण बाहेर पडते आणि शेगडीची ज्योत दुपारनंतर मान टाकते. नगर जिल्ह्यात, विशेषतः पठारावर आणि अकोल्याच्या डोंगरी भागात, चाळीस दिवसांच्या हिशेबाने टाकी बांधणे शहाणपणाचे ठरते. खर्चातला फरक विटा-सिमेंटचा असतो आणि तो एकदाच करायचा असतो.

तरंगती लोखंडी टाकी आणि जमिनीखालील विटांचा घुमट यांतील फरकही हिवाळ्यात जाणवतो. लोखंडी टाकी उघड्यावर असते. दिवसा ती उन्हाने तापते खरी, पण रात्री सगळी ऊब आकाशात सोडून देते. शिवाय तिला गंज चढतो आणि दरवर्षी रंग द्यावा लागतो. जमिनीखालचा घुमट मात्र मातीच्या पांघरुणात असतो. दीड-दोन मीटर खोलीवर मातीचे तापमान वर्षाच्या सरासरीच्या जवळ राहते आणि पहाटेचा गारठा तिथपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे पारा आठ अंशांवर आला तरी दीनबंधू संयंत्र बंद पडत नाही. त्याचा वायू कमी होतो, इतकेच.

उरलेले उपाय शेतकऱ्याच्या हातचे आहेत. घुमटावर आणि कडेने पाचट, भुसकट किंवा कुजत असलेल्या कंपोस्ट खताचा थर दिला तर त्याची स्वतःची ऊब संयंत्राला मिळते. शेण कालवण्यासाठी रात्रभर गारठलेले पाणी न वापरता उन्हात ठेवलेल्या काळ्या पिंपातील पाणी वापरावे. गोठ्यातील सकाळचे शेण जनावराच्या अंगची ऊब घेऊन आलेले असते. ते उकिरड्यावर थंड होऊ देण्यापूर्वीच टाकीत जावे. पाणी गरजेपेक्षा अधिक घातले तर टाकीत शिरणारे थंड पाणी वाढते आणि शेणाचा मुक्काम घटतो, असे दुहेरी नुकसान होते. हिमालयाच्या पायथ्याशी आणि नेपाळच्या डोंगरांत याच साध्या युक्त्यांवर लाखभराहून अधिक घरगुती संयंत्रे उभी राहिली. नेपाळने १९९२ मध्ये सुरू केलेल्या जैववायू कार्यक्रमात स्थिर घुमटाचे एकच प्रतिमान निवडून त्याच्या बांधकामाच्या दर्जावर कटाक्ष ठेवला. आपल्याकडे अनुदान मिळाले, खड्डा झाला, उद्घाटन झाले आणि पहिल्या हिवाळ्यानंतर टाकीत गवत उगवले, असे प्रकार काही कमी नाहीत.

शेणामागे चारा, चाऱ्यामागे पाणी

गोबरगॅसचे खरे इंधन शेण असले तरी शेणाचे इंधन चारा आहे, आणि या जिल्ह्यात चाऱ्याचा प्रश्न पाण्यापाशी येऊन थांबतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत जनावरे छावण्यांत न्यावी लागली. जनावर छावणीत गेले की, घरचे संयंत्र उपाशी राहते. महिनोन्महिने कोरडी पडलेली टाकी तडकते आणि पुन्हा सुरू करण्यासाठी डागडुजीसह पहिल्यापासून भरावी लागते.

या साखळीची दुसरी बाजू हिवरे बाजारात दिसते. नगर तालुक्यातील हे गाव पर्जन्यछायेतले. पाऊस कसाबसा चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान यांसारखे निर्बंध ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतले. डोंगरावर सलग समतल चर खोदले गेले, पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पडली, सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास बंदी झाली. चराईबंदीमुळे डोंगरावरचे गवत वाढले, ते कापून गोठ्यात आणले जाऊ लागले आणि जनावरे बांधून पाळली जाऊ लागली. नव्वदच्या दशकाच्या मध्याला गावात रोज दीडशे लिटर दूध निघे, ते पुढे चार हजार लिटरांच्या घरात गेले. दुधाचा हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. ऊर्जेच्या दृष्टीने त्याच्यामागे उभा असलेला शेणाचा आकडा तितकाच महत्त्वाचा आहे, कारण मोकाट चरणाऱ्या जनावराचे निम्मे शेण रानात पडते, बांधलेल्या जनावराचे सगळे गोठ्यात. कुऱ्हाडबंदी यशस्वी होण्यासाठी चुलीला पर्याय लागतो. तो पर्याय गोठ्यातून आला. जळणासाठी झाडे तोडू नका, असे नुसते सांगून भागत नाही.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचा क्रम हाच होता. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून गावी परतले आणि त्यानंतर पाणलोटाची कामे झाली. पाण्यानंतर घरगुती आणि सामुदायिक गोबरगॅस, सार्वजनिक शौचालयाला जोडलेले संयंत्र, पाणी उपसणारी पवनचक्की आणि प्रत्येक खांबाला स्वतंत्र पॅनेल असलेले सौर पथदिवे गावात आले. अपारंपरिक ऊर्जेची जवळजवळ सगळी साधने एकाच लहान गावात पाहायला मिळत असल्याने अभ्यासकांची तेथे रीघ लागली. मात्र साधने पाहून परतणाऱ्यांनी अनेकदा त्यांच्या आधीची दहा वर्षे पाहिली नाहीत.

आकाश निरभ्र, म्हणूनच गारठा

नगरच्या थंडीचे एक वैशिष्ट्य सौरऊर्जेच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. ही निरभ्र आकाशाची थंडी आहे. ढगांचे पांघरूण नसल्याने जमिनीतील उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते आणि पहाटे पारा उतरतो. तेच स्वच्छ आकाश दिवसभर भरपूर ऊन देते. २२ डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीही नगरला दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. लेहला तो दहा तासांहून कमी, तर डेन्मार्कमध्ये सात तासांचा. थंड प्रदेशांतील गावांना जे सर्वांत दुर्मीळ असते, ते ऊन येथे थंडीसोबतच मिळते.

सौर विद्युत घटांना थंडी मानवते, हेही अनेकांना ठाऊक नसते. पॅनेलचे तापमान एका अंशाने वाढले की, त्याची निर्मिती सुमारे ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्याच्या दुपारी साठ अंशांच्या पुढे तापलेल्या पॅनेलपेक्षा जानेवारीच्या दुपारचे पॅनेल तितक्याच उन्हात अधिक वीज देते. अडचण कोनाची आहे. नगर १९ अंश अक्षांशावर असल्याने डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर येतो. पॅनेल दक्षिणेकडे १९ अंशांनी कलते ठेवले तर वर्षाची एकूण वीज चांगली मिळते; हिवाळ्याची गरज महत्त्वाची असेल तर हा कल ३०-३५ अंशांपर्यंत वाढवावा लागतो. पत्र्याच्या छपरावर आडवे पसरलेले पॅनेल हिवाळ्यात बरेच ऊन वाया घालवते. शिवाय पहाटेचे दव धुळीवर पडून तिचा चिकट लेप तयार होतो. या दिवसांत पाऊस नसल्याने तो आपोआप धुतला जात नाही. पंधरवड्यातून एकदा पॅनेल पुसावे लागते.

आंघोळीच्या पाण्यासाठी मात्र विजेची गरजच नाही. छतावरचा सौर बंब हे नगरच्या हिवाळ्यासाठी सर्वांत सरळ उत्तर आहे. शंभर लिटरचा सौर बंब वर्षाला सुमारे दीड हजार युनिट विजेची बचत करतो असे मानले जाते. तांब्याच्या नळ्यांचा सपाट संग्राहक आणि काचेच्या निर्वात नळ्यांचा संग्राहक असे त्याचे दोन प्रकार आहेत. निर्वात नळ्यांतून उष्णता बाहेर जात नसल्याने थंड हवेत त्या सरस ठरतात. लडाखमध्ये पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून संग्राहकात गोठणरोधक द्रव फिरवावा लागतो. नगरला त्याची गरज नाही. येथे शत्रू वेगळा आहे. कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षार तांब्याच्या नळ्यांत साचून दोन-चार वर्षांत त्या बुजतात. ज्या गावांत पाणी क्षारयुक्त आहे तेथे उष्णता-विनिमयक असलेली रचना घ्यावी किंवा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. बंबाशी स्पर्धा करताना सौर बंबाची खरी अडचण किमतीची आहे. जळण विकत घ्यावे लागत नाही, बाईच्या कष्टाला बाजारभाव नाही, म्हणून लाकडाचा बंब फुकटचा वाटतो.

उन्हावर स्वयंपाक करण्याचे राज्यातील सर्वांत मोठे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या छतावर प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ अन्वस्त तबकड्या बसवण्यात आल्या. जुलै २००९ मध्ये या यंत्रणेचे उद्घाटन झाले. जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग शेफलर यांनी विकसित केलेल्या या तबकड्या सूर्यामागे फिरतात आणि ऋतूनुसार त्यांचा आकार थोडा बदलता येतो, त्यामुळे हिवाळ्याच्या कलत्या उन्हातही केंद्रबिंदू ढळत नाही. तेथे तयार होणारी वाफ भात-वरण शिजवते. ऊन नसेल तेव्हा गॅसवरील बॉयलर आधाराला असतो. सौर वाफेने इंधनाची जागा पूर्णपणे घेतली नाही, तिने इंधनाचा खर्च मोठ्या प्रमाणात घटवला. आणि तेवढेच अपेक्षित होते. दोन-चार तबकड्यांची अशीच छोटी रचना आश्रमशाळा किंवा वसतिगृहाला पुरेशी होते. शिर्डीच्या यात्रेकरूंनी ती पाहिली, जिल्ह्यातील आश्रमशाळांपर्यंत मात्र ती फारशी पोहोचली नाही.

रात्रीच्या पाण्यावर दिवसाचा उतारा

सौरऊर्जेचा सर्वांत दूरगामी उपयोग शेतीपंपांसाठी झाला आहे. राज्य शासनाने जून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर केली. तिच्या पथदर्शी प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही गावे निवडली गेली. कल्पना अशी की, गावाजवळच्या वीज उपकेंद्राच्या परिसरात एक-दोन मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या वाहिनीला द्यायची. सूर्य दिवसाच वीज देतो, म्हणून शेतकऱ्यालाही दिवसाच वीज मिळते. बॅटरीचा खर्च नाही, कारण पाणी दिवसा दिले तरी पिकाचे काही बिघडत नाही. २०२३ मध्ये या योजनेची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात प्रकल्पासाठी जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरसाल तीन टक्के वाढ देऊ करण्यात आली. त्याच दिशेने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू झाली. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरावयाची आहे.

वैयक्तिक पंपापेक्षा सामुदायिक वाहिनी अधिक न्याय्य आहे, असे म्हणता येईल. वैयक्तिक सौर पंप एकदा बसला की, त्याला विजेचे बिल नाही आणि भारनियमनही नाही. पाणी उपसण्याला लगाम राहत नाही. पारनेर, कर्जत, जामखेडसारख्या तालुक्यांत भूजल आधीच खोल गेले आहे. पाण्याचा ताळेबंद नसलेल्या गावात फुकट ऊन विहिरी लवकर कोरड्या करील. हिवरे बाजारने कूपनलिकांवर आधी बंदी घातली, ते या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे.

वारा, आणि डोंगरातले पाणी

सुपे, कवड्या डोंगर, खांडके आणि अकोल्याच्या पट्टा किल्ल्याजवळचा डोंगर येथील पवनचक्क्या दुरूनही दिसतात. पण महाराष्ट्राचा वारा मोसमी आहे. मे ते सप्टेंबर या काळात वर्षाची बहुतांश पवनवीज निर्माण होते आणि हिवाळ्यात पाती अनेकदा संथ किंवा स्थिर असतात. शिवाय या पवनचक्क्या कंपन्यांच्या असून त्यांची वीज जाळ्यात जाते. पायथ्याच्या गावाला भाड्याची रक्कम आणि रस्ता मिळतो. डेन्मार्कमधील साम्सो बेटाचा अनुभव याच्या उलट आहे. १९९७ मध्ये शासकीय स्पर्धा जिंकलेल्या सुमारे चार हजार वस्तीच्या या बेटाने २००० मध्ये जमिनीवर प्रत्येकी एक मेगावॉटच्या ११ पवनचक्क्या उभारल्या. त्यांत शेतकऱ्यांचे आणि रहिवाशांचे भाग होते. घरे तापवण्यासाठी गव्हाच्या काडावर चालणारी सामुदायिक केंद्रे आली. तेथील वारा हिवाळ्यात जोरात वाहतो, म्हणजे गरजेच्या वेळी. वाऱ्याची ही वेळ नगरला आणता येणार नाही. मालकीची पद्धत मात्र सहकाराच्या या जिल्ह्याला नवीन नाही. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा साम्सोच्या पवनचक्क्या अर्धशतक दूर होत्या.

अकोले तालुक्यात पाण्याची वीज आहे. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि पुढे त्याच्या पायथ्याशी वीजगृहे झाली. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. हे प्रकल्प राज्याच्या जाळ्यासाठी आहेत. वाड्यांजवळचे ओढे पावसाळ्यात धो धो वाहतात आणि दिवाळीनंतर आटतात, त्यामुळे हिमालयातील घराटांसारखी बारमाही छोटी जलविद्युत येथे जमणे कठीण. लडाखमध्ये ओढे गोठून हिवाळ्यात जनित्रे थांबतात, येथे ते आटून थांबतात.

दिवा विझतो तो बॅटरीपाशी

सुरुवातीच्या काळातील सौर पथदिव्यात ७४ वॉटचे पॅनेल, ७५ अँपिअर-तासाची बॅटरी आणि ११ वॉटचा दिवा असे. हिवाळ्यात त्याची दुहेरी परीक्षा होते : दिवस अकरा तासांचा, रात्र तेरा तासांची. त्यात शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता गारठ्याने घटते. दहा अंशांवर ती दशांशाने, शून्यावर पंचमांशाने कमी होते. चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, आणि अनेक ग्रामपंचायतींच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूदच नसते. गावोगावी उभे असलेले मुके सौर खांब पॅनेल बिघडल्यामुळे बंद पडलेले नाहीत; त्यांतले बहुतेक बॅटरीअभावी बंद आहेत. एलईडी दिव्यांनी विजेची गरज कमी केली, तरी डिस्टिल्ड वॉटर घालणारा माणूस लागतोच. बिहारमधील धरनई गावात २०१४ मध्ये १०० किलोवॉटचे सौर सूक्ष्म-जाळे मोठ्या गाजावाजाने सुरू झाले. जाळ्याची स्वस्त वीज गावात आली, बॅटऱ्या थकल्या आणि काही वर्षांत ते बंद पडले.

अकोल्याच्या दऱ्यांतील वाड्यांत आणखी एक अडचण असते. सकाळी धुके आणि दुपारनंतर कड्याची सावली, यामुळे घरावरच्या पॅनेलला डिसेंबरात पाच-सहा तासही सलग ऊन मिळत नाही. तेथे प्रत्येक घरावर एक पॅनेल देण्यापेक्षा शाळेच्या किंवा उघड्या माळावरच्या एकाच जागी सगळी पॅनेल लावून वीज वाडीत आणणे हिताचे ठरते. जागा निवडण्यापूर्वी एखाद्या डिसेंबरात सावली कोठून कोठे सरकते, हे वाडीतल्या गुराख्याला विचारले तरी पुरते.